तळटीप : ‘भेगडेसाहेब’
वर ‘भेगडेसाहेब’ म्हणून आलेले गृहस्थ म्हणजे कृष्णराव भेगडे. तळेगाव दाभाडे नगरपालिकेच्या राजकारणातून वर आलेले भेगडे १९७२ साली जनसंघाच्या तिकिटावर मावळातून आमदार झाले. त्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या. हे ध्यानात घेतले तरच कान्हे-कामशेत पट्ट्यातल्या मतदारांचा कौल किती वेगळा होता ते कळते. १९७८ साली ते काँग्रेसकडून निवडून आले, पुढे विधान परिषदेवरही गेले. पक्ष बदलला म्हणून त्यांना बोल लावणाऱ्यांनी तळेगावचे इंद्रायणी महाविद्यालय पाहावे. कान्हे स्थानकावर लोकल पकडून शिकायला जाता येईल इतक्या जवळ त्यांनी उच्च शिक्षण आणले, आणि माझ्या लेखी तेच त्यांचे सर्वांत मोठे काम. ते २०२५ साली निवर्तले. — संपा.