रिकामी खोकी, थ्री नॉट थ्रीची

शनिवार-रविवारी लोक काय काय करतात! कुणी केळव्याला जाऊन वाळूत बसतं, कुणी सहकुटुंब सासुरवाडी गाठतं, आमच्या हापिसातला एक जण तर विकांताला फक्त झोपतो. मी खोकी बनवतो. रिकामी. दुसऱ्या महायुद्धात रायफलीची काडतुसं ज्या पुठ्ठ्याच्या पुडक्यांतून आणि कापडी पट्ट्यांतून यायची, त्यांच्या प्रतिकृती. आत काडतूस नाही, दारू नाही. हवा आणि थोडी रेती (रेतीचं पुढे सांगतो). घरच्यांचं मत विचारू नका.

यात जमवण्यासारखं काय आहे, असं सगळेच विचारतात. तर मंडळी, पितळ टिकतं, कागद टिकत नाही. काडतुसाचं पितळी नळकांडं ऐंशी वर्षांनीही मातीतून वर येतं, पण पुडकं असतं ते फाडण्यासाठीच. घाईत फाडायचं, आतलं घ्यायचं, कागद चिखलात. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्राहकांत न फाटलेल्या पुडक्याला भाव असतो, आणि जुन्या लढायांचे देखावे करणारे हौशी लोक प्रतिकृतींवर भागवतात. आपल्याकडे तर वेगळा मार्गच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दात त्याचे सुटे भागही येतात, आणि परवान्याशिवाय जिवंत काडतूस घरात ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. त्यामुळे मी पितळाच्या वाटेलाच जात नाही. पुठ्ठा, कापड, शाई, खळ. बस्स.

आता थोडा इतिहास. 'थ्री नॉट थ्री' म्हणजे नळीचा व्यास ०.३०३ इंच, आपल्या भाषेत ७.७ मिलिमीटर. ही रायफल आपल्याला इतकी ओळखीची आहे की पोलीस म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येते. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला निरोप दिला! महायुद्धातलं तिचं काडतूस म्हणजे 'मार्क सेव्हन'. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं, व्हर्जन सात. ते १९१० साली आलं आणि दोन महायुद्धं तेच चाललं. गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची. गंमत अशी की गोळीचं टोक शिशाचं नसे. आवरणाच्या आत टोकाशी अ‍ॅल्युमिनियम, आणि युद्धकाळात लाकडाचा किंवा कागदाचा लगदासुद्धा भरत. वजन मागे राहावं म्हणून. अशी गोळी अंगात शिरली की कलंडते. कागद हा किती गरीब पदार्थ वाटतो ना?

ही काडतुसं आपल्या खडकीत बनत. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. तिच्या काडतुसांच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं ठोकलेली असतात, किर्की फॅक्टरी. (हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे.)

माल बाहेर पडायचा मुख्यतः दोन प्रकारांनी. मशीनगनसाठी सुटी काडतुसं पुठ्ठ्याच्या पुडक्यात. ४८ नगांचं पुडकं फार प्रसिद्ध. रायफलवाल्या शिपायासाठी मात्र पाच-पाच काडतुसं पोलादी क्लिपमध्ये अडकवून, त्या क्लिपा पातळ सुती पट्ट्यात. त्याला बँडोलियर म्हणायचं. पाच खिसे, प्रत्येकात दोन क्लिपा, एकूण ५० काडतुसं. गळ्यात अडकवा आणि चालू पडा. ही सगळी पुडकी-पट्टे लाकडी पेटीत, आणि पेटीला आतून पत्र्याचं अस्तर, डाख देऊन बंद केलेलं. कोकणातला पाऊस ज्याने बघितलाय त्याला हे अस्तर कशाला ते सांगायला नको.

आता आमच्या गावची बाजू. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत केमिकल आहे, औषधं आहेत, कापड आहे, आणि या सगळ्यांना खोकी लागतात. बॉक्स बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमधले एक काका माझे गुरू. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा कागद हातात घेऊन दोन्ही दिशांनी वाकवून दाखवला. "अरे, कागदाला पण धाग्याची दिशा असते. आडवी घडी घातलीस तर कोपरा फुटणार." क्रीजिंग, पंचिंग, जीएसएम हे सगळं त्यांच्याकडून शिकलो. त्यांच्यामुळेच एक नजर आली. तारापूरच्या रस्त्यावर केमिकलचे टँकर आणि ड्रम रोज दिसतात, त्यांच्यावर एक छोटा 'यूएन'चा शिक्का आणि पुढे आकडे-अक्षरं असतात. ड्रम कशाचा, कोणत्या चाचणीला उतरला, कोणत्या साली बनला, सगळं त्यात. रायफलीच्या काडतुसांनाही त्या पद्धतीत नंबर आहे, यूएन ००१२. बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुडक्यावर हे नंबर नव्हते, पण हेतू तोच. कोणतं काडतूस, कोणता मार्क, किती नग, कुठे बनलं, कधी बनलं. एखादी खेप खराब निघाली तर तेवढीच शोधून बाजूला काढता यावी. माझ्या धंद्यात बिल्ड नंबर म्हणतात त्याला.

चिठ्ठी नसली तर काय होतं याचं उदाहरण दूर शोधायला नको. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज उडालं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, त्याच पोटात कापसाच्या हजारो गासड्या आणि तेलाची पिंपं! धोक्याच्या मालाची खूण म्हणून जो लाल बावटा लावायचा, तो जहाजावर नव्हता. आधी कापूस धुमसला, मग दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकड्यांनी माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. त्यांच्या आठवणीसाठी देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

असो. परत माझ्या पुडक्याकडे. छपाई ही खरी डोकेदुखी. हापिसातल्या लेझर प्रिंटरवर काढलेला मजकूर कागदावर नुसता बसतो, तर खिळ्यांनी छापलेला मजकूर कागदात रुततो. मागून बोट फिरवलं की अक्षर हाताला लागतं. पालघरमध्ये एका वृद्ध गृहस्थांकडे जुनं ट्रेडल मशीन अजून चालू स्थितीत आहे. एकेकाळी त्यावर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापत. त्यांनी इंग्रजी खिळ्यांची धूळ झटकली आणि माझ्यासाठी जुळणी केली. पुडक्याचा आकार बरोबर आला, पण हातात घेतलं की लगेच खोटं वाटे, कारण वजन नाही. एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं, म्हणजे ४८ चं पुडकं १२०० ग्रॅम. म्हणून रेती. प्लास्टिकच्या पिशवीत तोलून भरलेली. ती घातल्यावर पुडकं हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा मी जरा गप्प झालो. तळहाताएवढी वस्तू, आणि इतकी जड.

एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय. प्रत्येक पुडक्याच्या आतल्या पट्टीवर 'प्रतिकृती' आणि बनवल्याचं खरं साल छापायचं. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना करता येतो, कडा घासून मळवता येतात, आणि मग उद्या कुणीतरी ते अस्सल म्हणून विकतो. तो माझ्या मते खोटा इतिहास छापण्याचाच प्रकार आहे. मी कागद मळवत नाही. पुडकं नवं होतं तेव्हा ते नवंच दिसत असणार ना!

पण खरा प्रश्न वेगळाच निघाला. खिळे जुळवताना काकांनी विचारलं, "साल कुठलं टाकू?"

जगभर हौशी मंडळींना युद्धाच्या ऐन मध्यावरचं साल हवं असतं, म्हणजे १९४२. पण पालघरमध्ये ४२ हा नुसता आकडा नाही. ९ ऑगस्टला पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि १४ ऑगस्ट १९४२ ला आसपासच्या गावांतून लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन आले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले: काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी, सुकुर गोविंद मोरे. सातपाटी, नांदगाव, मुरबे ही गावं या नावांनी इथे ओळखली जातात. पाचबत्तीला त्यांचा स्तंभ आहे, दर १४ ऑगस्टला तिथे गर्दी होते. आमच्यातले बरेच जण रोज गाडी पकडायला धावताना त्याला वळसा घालतात आणि मान वर करत नाहीत.

त्या दिवशी झाडलेल्या गोळ्याही कुणीतरी मोजून दिल्या असणार, वहीत लिहून. पुडकं म्हणजे शेवटी मोजमापच. आणि हे मोजमाप उलट्या बाजूनेही चुकवलं गेलंय. २४ जानेवारी १९४३ ला पुण्याच्या कॅम्पातल्या कॅपिटॉल टॉकीजमध्ये गोऱ्या सोजिरांच्या गर्दीत बॉम्ब फुटले. त्या कटातले भास्कर कर्णिक लष्कराच्या दारूगोळा खात्यातच नोकरीला होते आणि बॉम्बचं साहित्य आतूनच बाहेर आलं होतं. पकडल्यावर त्यांनी फरासखान्यात विष घेऊन जीव दिला. पेटीवरची चिठ्ठी इमानेइतबारे नग सांगत राहिली, नग मात्र तितके उरले नव्हते.

छंद वाईट की चांगला या वादात मी पडत नाही. वस्तू हातात घेतल्याशिवाय मला इतिहास कळत नाही, हा माझा स्वभाव. पण ४२ चं पुडकं काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना 'बघा कसं हुबेहूब' म्हणणं मला पालघरात बसून जमणार नाही. दुसऱ्या गावात राहत असतो तर कदाचित जमलं असतं.

काकांना म्हटलं, "एकेचाळीस टाका."

त्यांनी काही विचारलं नाही. '२' चा खिळा परत खणात टाकला आणि '१' शोधायला लागले. आता सहा पुडकी तयार आहेत, सगळी ४१ ची. पुढच्या विकांताला बँडोलियर शिवायला घेणार आहे. त्यासाठी पातळ, न धुतलेलं मांजरपाट हवंय.