शिवराईची ओळख व मूल्यनिर्धारण

शिवराई हे छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पाडण्यात आली. होन आज अत्यंत दुर्मीळ आहे. शिवराई मात्र छत्रपतींचे वारस व पेशवे यांच्या काळात, तसेच इंग्रजी अमलातही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहिली. पुणे जिल्ह्यातील मावळ भागासह महाराष्ट्रात ती पैसा म्हणून वापरली जाई. या दीर्घ वापरामुळे एखादी शिवराई कोणत्या काळातील आहे, हे ठरवणे हा तिच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहे.

== स्वरूप ==
नाण्याच्या पुढील बाजूस ‘श्री / राजा / शिव’ हा लेख तीन ओळींत, तर मागील बाजूस ‘छत्र / पति’ हा लेख दोन ओळींत असतो. लेखाभोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. पूर्ण शिवराईचे वजन साधारणतः ११ ते १३ ग्रॅम असते. अर्धी शिवराई सुमारे निम्म्या वजनाची असते. नाणी हाताने ठोकून पाडली जात व ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे सर्व अक्षरे व वर्तुळ पूर्ण उमटलेले नाणे क्वचितच आढळते.

== कालनिश्चिती ==
नाण्यावर सहसा वर्ष नसते आणि मूळ लेख पुढेही तसाच ठेवण्यात आला. म्हणून ‘श्री राजा शिव’ एवढ्या मजकुरावरून नाणे शिवकालीन ठरत नाही. त्यासाठी अक्षरांचे वळण, शुद्धलेखन, ठिपक्यांचे वर्तुळ, वजन व चिन्हे यांचा एकत्रित विचार केला जातो. ‘शिव’ऐवजी ‘शीव’ किंवा ‘सिव’, तसेच ‘पति’ऐवजी ‘पती’ असे पाठभेद आढळतात. उत्तरकालीन नमुने बहुधा हलके असतात व त्यांपैकी काहींवर चंद्रकोर, सूर्य, बेलपान यांसारखी चिन्हे दिसतात. लेखाच्या ओळींमध्ये दोन समांतर रेषा असलेल्या नाण्यास ‘दुदांडी शिवराई’ म्हणतात. हा प्रकार पेशवाईच्या अखेरीचा व इंग्रजी अमलाच्या आरंभीचा मानला जातो.

== बनावट नाणी ==
ओतीव नकलेवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, बोथट अक्षरे आणि कडेला साच्याची जोडरेषा दिसू शकते. एकच ठेवण, एकच झीज आणि एकसारखे वजन असलेली अनेक नाणी संशयास्पद असतात. शुद्ध तांब्याची घनता सुमारे ८.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असल्याने पाण्यातील वजनावरून पितळी नक्कल ओळखण्यास मदत होते. तांबे चुंबकाला चिकटत नाही.

== मूल्यनिर्धारण ==
नाण्यातील तांब्याची किंमत नगण्य असते. संग्राहकमूल्य लेखाची पूर्णता, झीज, प्रकाराची दुर्मीळता व पृष्ठभागाची स्थिती यांवर अवलंबून असते. सर्वसामान्य झिजलेल्या शिवराया मोठ्या संख्येने उपलब्ध असल्याने केवळ जुनेपणामुळे त्यांना मोठी किंमत येत नाही. चिंच, लिंबू किंवा आम्लाने घासल्यास पृष्ठभागावरील नैसर्गिक थर निघून जातो व अक्षरांच्या कडा झिजतात. अशी हानी भरून काढता येत नाही. म्हणून नाणे न घासता कोरड्या जागी ठेवणे योग्य मानले जाते.

ऐतिहासिक मूल्य मात्र नाणे कोठे, किती खोलीवर व कशाबरोबर सापडले या नोंदीवरही अवलंबून असते. वर्ष नसलेल्या शिवराईसाठी ही नोंद विशेष महत्त्वाची ठरते. सोबत सापडलेल्या वर्षांकित नाण्यामुळे तिच्या काळाचा अंदाज बांधता येतो.

== मावळ व कायदा ==
लोणावळ्याजवळील लोहगड १६४८ मध्ये स्वराज्यात आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये मोगलांकडे गेला व १६७० मध्ये परत घेण्यात आला. शेजारचा विसापूर ४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी घेतला. हे दोन्ही किल्ले संरक्षित स्मारके आहेत; २०२५ मध्ये लोहगडाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील मराठा लष्करी भूदृश्यांत समावेश झाला. संरक्षित स्थळी विनापरवाना उत्खननास मनाई आहे.

जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत.