मंगळ, चंद्र आणि अवंतीची रेषा

उज्जयिनीतील माधव नगराचे नाव उच्चारताच ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचे स्मरण होते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात क्षिप्रेच्या काठी उभारलेली आणि पुढे मोडकळीस आलेली वेधशाळा १९२३ साली याच माधवरावांनी दुरुस्त करविली. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी ज्योतिर्गणिती तिचा अधीक्षक झाला. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा ज्या नगरीतून गेलेली मानीत, तेथे पुन्हा वेध घेतले जाऊ लागले. म्हणून आकाशाविषयीच्या कंड्यांचा इतिहास पाहताना आम्ही प्रथम येथेच उभे राहतो.

ही परंपरा फार जुनी आहे. ११८६ च्या सप्टेंबरात सर्व ग्रह तूळ राशीत जमतील आणि वादळे व भूकंप होतील, असे सांगणारी पत्रे युरोपात हातोहात फिरली. ‘टोलेडोचे पत्र’ म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. सप्टेंबर आला आणि गेला. पत्र मात्र तारखा बदलून पुढील शतकांतही फिरत राहिले.

आपल्याकडील मोठे उदाहरण १९६२ च्या अष्टग्रहीचे. ३ ते ५ फेब्रुवारीस सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि केतू मकरेत एकत्र आले. गोमंतक मुक्त होऊन तेव्हा अवघा दीड महिना लोटला होता. देशभर यज्ञ झाले, कित्येकांनी प्रवास टाळले. प्रलय मात्र झाला नाही. ग्रहांचे एकत्र येणे खरे होते. गणित चुकले नव्हते. चुकले होते ते गणिताला जोडलेले भय.

चाळीस वर्षांनी कंडीने वाहन बदलले. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरांवर आला. सुमारे साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता, हे सत्यच. पंचाहत्तर पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा भासेल, असेही सांगितले गेले. ई-मेलच्या साखळीत हिंडता हिंडता त्यातील दुर्बीण गळाली, चंद्र तेवढा उरला. पुढे सालही गळाले आणि दर ऑगस्टास तेच पत्र नव्याने येऊ लागले. २००५ च्या ऑगस्टातही ते आले. त्या वर्षी मंगळ जवळ आला तो ऑक्टोबरच्या अखेरीस.

याचे खंडन करण्यास वेधशाळेची पायरीही चढावी लागत नाही. मंगळाचा व्यास चंद्राच्या जवळजवळ दुप्पट. पण २००३ मध्येही तो चंद्राच्या सुमारे १४५ पट दूर होता. म्हणजे त्याचे बिंब चंद्रबिंबाच्या सुमारे सत्तराव्या-पंचाहत्तराव्या हिश्शाएवढेच दिसणार. चंद्राएवढे दिसण्यास त्याला साडेसात लाख किलोमीटरांच्या आत यावे लागेल. शाळकरी मुलालाही हा त्रैराशिकाचा हिशेब जमेल.

मग सुशिक्षितही का फसतात? याचे उत्तर उज्जयिनीच्याच परंपरेत आहे. अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सांगितले, की चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, त्याचे कारण राहू नव्हे. त्याच ग्रंथात ग्रहांच्या युद्धांची शुभाशुभ फलेही आहेत. वेध आणि भय एकाच पोथीत शेजारी नांदले. थोरांच्या गणितावरील आपला विश्वास मग नकळत त्या फलांनाही चिकटतो. त्या दिवसाच्या पत्रानेही हेच केले: खऱ्या अंतराच्या आधारावर खोटे बिंब उभे केले.

आम्हांस वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्या रात्री मंगळ खरोखरच अपूर्व तेजाने तळपत होता, त्या रात्री चंद्राएवढा गोळा शोधणाऱ्याला तो तांबूस ठिपका निराशाजनक वाटला असेल. कंडी माणसाला नुसते फसवीत नाही. समोरचे खरे नवल ती त्याच्या नजरेतून उतरविते. क्षिप्रेकाठचे शंकुयंत्र आजही आपली छाया मोजू देते. पुढचे पत्र येईल तेव्हा ते दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वी अंतर आणि व्यास एवढे दोन आकडे विचारावेत, एवढेच आमचे मागणे.