गळती झाली हे सिद्ध कसं करायचं? वेबर्नच्या शेताची गोष्ट

जमिनीखाली साठवलेला कार्बन डायऑक्साइड वर येतोय की नाही, हे कसं ओळखायचं? वरवर सोपं वाटतं. मातीत नळी घालायची, गॅस मोजायचा, जास्त निघाला की गळती! पीएच.डी.च्या सुरुवातीला मीही असंच धरून चाललो होतो. मग सरांनी कॅनडातल्या एका शेतावरचे अहवाल वाचायला दिले आणि माझा सोपा प्रश्न अवघड झाला. तुमचा विषय कुठलाही असो, ही गोष्ट उपयोगी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. हवामानबदल रोखण्यासाठी कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवण्याचा पहिला मोठा प्रकल्प १९९६ मध्ये नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात सुरू झाला. त्याचं नाव स्लाइपनर. तिथे वर्षाला साधारण १० लाख टन गॅस समुद्रतळाखालच्या वाळूखडकात सोडला जाऊ लागला. तिथल्या लोकांचं नशीब चांगलं होतं, कारण गॅस सोडण्याआधीच, १९९४ मध्ये, त्या भागाचं भूकंपीय सर्वेक्षण झालेलं होतं. १९९९ मध्ये पुन्हा सर्वेक्षण केलं, दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि गॅस कुठपर्यंत पसरलाय ते दिसलं. ‘आधीचं’ चित्र हाताशी होतं, म्हणून ‘नंतरच्या’ चित्राला अर्थ आला. यालाच आपण बेसलाइन म्हणतो.

आता वेबर्नकडे येऊ. कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातलं हे जुनं तेलक्षेत्र. २००० मध्ये तिथे सुमारे दीड किलोमीटर खोल कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात झाली. हेतू दुहेरी होता: उरलेलं तेल बाहेर काढणं आणि गॅस साठवणं. हा गॅस अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या, कोळशापासून इंधनवायू बनवणाऱ्या कारखान्यातून ३०० किलोमीटरहून लांब पाइपलाइनने यायचा.

जानेवारी २०११ मध्ये तिथल्या एका शेतकरी दांपत्याने जाहीर तक्रार केली. तळ्यातून बुडबुडे येतात, पाण्यावर फेस दिसतो, शेतात प्राणी मेलेले सापडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. घर सोडून ते आधीच दुसरीकडे राहायला गेले होते. त्यांनी नेमलेल्या सल्लागाराला मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ११ टक्क्यांपर्यंत आढळला. आपल्या डोक्यावरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो! शिवाय त्या गॅसमधलं कार्बन-१३ चं प्रमाण खाली सोडलेल्या गॅसच्या जवळपास जाणारं होतं. झालं, निष्कर्ष निघाला: गळती. बातमी जगभर गेली.

इथे जरा थांबा आणि स्वतःला विचारा, तुम्ही काय निष्कर्ष काढला असता?

अडचण अशी की माती स्वतःच श्वास घेते. मुळं आणि सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतात. माती दमट आणि उबदार असली की तो कित्येक टक्क्यांपर्यंत सहज चढतो. वनस्पतींपासून आलेल्या कार्बनचं कार्बन-१३ चं प्रमाणही त्याच पट्ट्यात पडू शकतं. आणि त्या शेतातली गॅस सोडण्याआधीची मोजमापं नव्हती. मग तुलना कशाशी करायची?

इथे टेक्सास विद्यापीठातल्या कॅथरीन रोमानाक यांची पद्धत कामी आली. त्यांनी प्रश्नच बदलला. ‘गॅस किती आहे?’ ऐवजी ‘तो कुठल्या प्रक्रियेतून आला?’ असं विचारलं. साध्या हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के असतो. कार्बन डायऑक्साइड मातीच्या श्वसनातून ११ टक्क्यांवर गेला, तर ऑक्सिजन तेवढाच घटून १० टक्क्यांच्या आसपास येतो. नायट्रोजन मात्र ७८ च्या जवळच राहतो. तोच गॅस खालून घुसला असेल, तर तो सगळ्यांनाच बाजूला सारतो: नायट्रोजन ७० च्या खाली उतरतो आणि ऑक्सिजन १८-१९ वर राहतो. म्हणजे बेसलाइन नसतानाही, एकाच नमुन्यातले तीन वायू एकत्र पाहून फरक करता येतो.

त्या शेतातले नमुने श्वसनाच्या बाजूने पडले. रेजायना विद्यापीठातल्या संस्थेने केलेल्या स्वतंत्र तपासणीत कार्बन-१४ सुद्धा मोजला गेला. कोळसा लाखो वर्षं जुना, त्यामुळे त्यापासून बनलेल्या गॅसमध्ये कार्बन-१४ उरलेलाच नसतो. मातीतल्या गॅसमध्ये तो आजच्या वनस्पतींइतका सापडला. २०११ च्या अखेरीस निष्कर्ष आला, की हा गॅस साठवणुकीतला नाही.

यातून सल्लागाराला हसू नका. त्याचे आकडे चुकलेले नव्हते. ते आकडे दोन शक्यतांमध्ये फरक करू शकत नव्हते, एवढंच. आणि दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तपासणीने ‘गॅस कुठून आला’ या प्रश्नाचं उत्तर दिलं. घर सोडलेल्या कुटुंबाचा प्रश्न त्याहून मोठा होता. आधीची मोजमापं असती, तर त्यांना उत्तर कितीतरी लवकर मिळालं असतं.

आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टमध्ये कार्बन डायऑक्साइड साठवता येईल का, यावर अभ्यास चालू आहे. उद्या कुणी मे महिन्यात कोरड्या मातीत मोजमाप केलं आणि पुढचं जुलैमध्ये, तर पहिल्या पावसानेच ‘गळती’ झालेली दिसेल!

म्हणून संशोधनाचा आराखडा लिहिताना एक ओळ जरूर लिहा: माझं गृहीतक खोटं असेल, तर मला नेमकं काय वेगळं दिसेल? उत्तर सुचलं नाही, तर उपकरण विकत घ्यायची घाई करू नका.