लिओनार्दो दा व्हींचीचे आवेदनपत्र

मिलानचा सत्ताधीश लूदोव्हीको स्फोर्त्सा याच्या सेवेत प्रवेश मिळावा, म्हणून लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) याने इ. स. १४८२ च्या सुमारास सिद्ध केलेला पत्राचा मसुदा. उमेदवाराने आपल्या कार्याचा मुद्देसूद परिचय करून देण्याचे एक आद्य उदाहरण म्हणून तो ओळखला जातो. मिलानच्या आंब्रोसिअन ग्रंथालयातील ‘कोदेक्स आत्लांतिकुस’ या हस्तलिखितसंग्रहात तो जतन केलेला आहे. लिओनार्दो उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरे लिहीत असे. हा मसुदा मात्र नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला असल्याने तो लेखनिकाच्या हातचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पत्र प्रत्यक्ष धाडले गेल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

पत्रात दहा कलमे असून त्यांपैकी पहिली नऊ युद्धविषयक आहेत. हलके व सहज वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याचे उपाय, गाजावाजा न करता खणावयाची भुयारे, आच्छादित रथ, तोफा आणि नौकायुद्धाची साधने यांचा त्यांत समावेश होतो. शांतताकाळातील वास्तुरचना व जलवाहन दहाव्या कलमात येतात. शिल्प आणि चित्रकला यांचा निर्देश त्याही नंतर, जाता जाता केल्यासारखा आहे.

हा क्रम सहेतुक दिसतो. १४८२–८४ या काळात मिलान हे व्हेनिसविरुद्धच्या युद्धात गुंतले होते. लाँबर्डीत कालव्यांना मोठे महत्त्व होते. लूदोव्हीकोचा पिता फ्रांचेस्को याचा अश्वारूढ पुतळा उभारण्याचा स्फोर्त्सा घराण्याचा संकल्पही अपुरा होता. पत्राच्या शेवटी त्या ब्राँझच्या अश्वाचा मुद्दाम उल्लेख येतो. वाचणाऱ्याची गरज आधी ओळखून लिओनार्दोने आपली मांडणी केली, यातच पत्राचे खरे कौशल्य आहे.

तथापि त्यात पूर्वानुभव जवळजवळ नाही. फ्लॉरेन्समध्ये व्हेरॉक्यो या कलावंताच्या कर्मशाळेत तो घडला. १४८१ मध्ये सान दोनातो मठासाठी स्वीकारलेले ‘मागींची आराधना’ हे चित्र त्याने अपुरेच सोडले होते. गुरूचे नाव किंवा झालेले एखादे काम पत्रात आढळत नाही. लष्करी अभियंता म्हणून त्याने तोवर काही केल्याचे ज्ञात नाही. ‘केले आहे’ असे न म्हणता ‘करू शकेन’ असेच तो लिहितो, आणि कोणास शंका वाटल्यास सरदाराच्या उद्यानात वा तो सांगेल तेथे प्रयोग करून दाखविण्याची तयारी दर्शवितो. अनुभवाची उणीव त्याने अशा रीतीने भरून काढली. त्याच्या दाव्यांना निव्वळ बढाई म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. यंत्रांविषयीचे त्याचे चिंतन खरे होते, हे त्याच्या टिपणवह्यांवरून दिसते.

मिलानमध्ये त्याला १४८३ मध्ये मिळालेले पहिले महत्त्वाचे ज्ञात काम एका धार्मिक बंधुसंघाकडून आले, आणि तेही चित्राचे. अश्वाची मातीची भव्य प्रतिकृती १४९३ मध्ये प्रदर्शित झाली. पण ओतकामासाठी साठविलेले ब्राँझ पुढील वर्षी तोफांकरिता देण्यात आले. १४९९ मध्ये मिलान जिंकणाऱ्या फ्रेंच सैन्यातील धनुर्धरांनी त्या प्रतिकृतीवर नेमबाजी केल्याचे सांगितले जाते. लष्करी अभियंत्याची अधिकृत नियुक्ती त्याला १५०२ मध्ये चेझारे बोर्जाकडून मिळाली.