तीन वर्षांचे खत

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी भोवतालचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. माणसांना फारशी इजा झाली नाही. जमावाला हवे होते ते कागद. चोपड्या आणि कर्जखते बाहेर ओढून जाळण्यात आली. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले.

कापसाचे कोसळलेले भाव आणि वाढलेला शेतसारा ही या उठावाची कारणे सर्वपरिचित आहेत. त्यामानाने १८५९ चा मुदतीचा कायदा उपेक्षित राहतो.

त्यापूर्वी मुंबई इलाख्यात लेखी कर्जाचा दावा १२ वर्षांपर्यंत लावता येई. नव्या कायद्याने नोंदणी न झालेल्या खतासाठी ही मुदत ३ वर्षांवर आणली. हेतू सरळ होता: जुनी येणी उकरून ऋणकोला छळता येऊ नये, व्याज वर्षानुवर्षे साचू नये.

घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार कुळापुढे दोनच वाटा ठेवी: दिवाणी दावा, नाहीतर नवे खत. कोर्टाच्या धास्तीने कुळ अंगठा उठवी. नव्या खतात मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई, आणि त्यावर पुन्हा व्याज चाले.

हिशेब करून पाहावा. दरमहा शेकडा २ रुपये दराने घेतलेले १०० रुपये ३ वर्षांनी १७२ होतात. याच दराने खत दोनदा बदलले, तर नवव्या वर्षाअखेर देणे ५०८ रुपयांवर जाते. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, असा दामदुपटीचा जुना दंडक होता; पण दर खतागणिक मुद्दलच फुगत असल्याने तोही निष्प्रभ ठरे. शिवाय निरक्षर कुळाला खतात काय लिहिले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि न्यायाधीशापुढे येई तो केवळ शेवटचा कागद.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायालयाने खताच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासावा, मुद्दल व व्याज वेगळे मांडावे, असे त्यात ठरले. मुदतही वाढली: साध्या खताला ६ वर्षे, नोंदणीकृत खताला १२. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी सावकाराला अधिक अवधी द्यावा लागला, ही या कायद्याची खरी गंमत.

आज देशभर लागू असलेल्या १९६३ च्या कायद्यात साध्या कर्जाची मुदत पुन्हा ३ वर्षेच आहे. ती संपण्यापूर्वी ऋणकोने देणे लेखी, सहीनिशी मान्य केले, तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षे मोजली जातात.