विशेष मुलांची दंतनिगा

विशेष मुलांची दंतनिगा : शारीरिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी निगडित अक्षमता, अथवा दीर्घकाळचा आजार असलेल्या मुलांच्या दातांची आणि हिरड्यांची घरी व दवाखान्यात घ्यावयाची काळजी. भारतात हे काम मुख्यतः बालदंतवैद्य करतात.

या मुलांचे दात मुळातच कच्चे असतात, असा समज सर्रास आढळतो. बहुतेकांच्या बाबतीत तो खरा नाही. दात किडतात ते रोजच्या दिनक्रमामुळे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला नीट चावता येत नाही, म्हणून त्याला मऊ, चिकट अन्न भरवले जाते. जीभ हवी तशी वळत नसल्याने घास गालात साचून राहतो. आकडीचे किंवा इतर औषध गोड सिरपमधून, तेही झोपताना दिले जाते. स्वमग्न मुलाने सांगितलेली कृती केली की बक्षीस म्हणून चॉकलेट मिळते. यातले बरेच काही बदलता येते: औषधानंतर पाणी पाजणे, शक्य तिथे साखरविरहित औषध मागून घेणे, बक्षीस म्हणून आवडते खेळणे देणे.

काही विकारांचा तोंडाशी थेट संबंध असतो. डाउन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात, काही येतच नाहीत आणि हिरड्यांचा आजार लहान वयातच जडतो. यांतल्या सुमारे निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. अशा काही दोषांत दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते, नाहीतर तोंडातले जंतू रक्तावाटे हृदयात पोहोचून तिथे संसर्ग होण्याचा धोका असतो. आकडीवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढून दातांवर चढतात, हे 1939 पासून ज्ञात आहे. मात्र डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणे धोक्याचे. हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या विकारात साधी दाढ काढायची तरी रक्ततज्ज्ञाचा सल्ला आधी घ्यावा लागतो.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे दुखणे ओळखणे. न बोलणारे मूल दाढ ठणकते असे सांगू शकत नाही. ते गालावर थापडा मारून घेते, हात चावते, रात्ररात्र जागते, आवडीचा पदार्थही ढकलून देते. घरचे आणि कधीकधी डॉक्टरही याला त्याचा हट्ट किंवा मूळ विकाराचाच भाग समजतात, आणि मूल कित्येक दिवस सोसत राहते. वागण्यात अचानक बदल झाला तर आधी तोंड उघडून पाहावे, हा नियम पालकांइतकाच शिक्षकांनीही पाळायला हवा.

घासण्याची पद्धत मुलागणिक बदलते. ब्रशच्या दांड्याला सायकलच्या मुठीचे रबर बसवले की कमजोर हातालाही पकड येते. मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या अंगाशी टेकवले तर आत नीट दिसते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. पेस्टचा फेस किंवा चव सहन न होणाऱ्या मुलाचे दात नुसत्या ओल्या ब्रशने घासले तरी चालते. फ्लोराइडचे मग दंतवैद्याशी बोलून ठरवावे.

दवाखान्यात आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. स्वमग्न मुलाला खुर्ची, दिवा, आरसा यांची चित्रे घरीच दाखवली आणि पहिल्या भेटीत नुसते बसवून परत पाठवले तरी पुढची वाट सोपी होते. कीड थांबवण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावता येते. त्याला ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही. किडलेला भाग मात्र काळा पडतो. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. खूप दात किडले असतील आणि मूल स्थिर राहू शकत नसेल, तर पूर्ण भूल देऊन सारे उपचार एकाच वेळी करतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाली. त्याची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांचे दातही तपासतात, पण वयोमर्यादा 18 वर्षे आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अडथळामुक्त आरोग्यसेवा आणि उपचारांत प्राधान्य यांची तरतूद आहे. तरीही जिना चढून जावे लागणारे दवाखाने गावोगावी आहेत. ब्रिटनने 2008 मध्ये विशेष गरजा असलेल्या प्रौढांच्या दंतोपचाराला स्वतंत्र विशेषज्ञशाखेचा दर्जा दिला. भारतात दंतवैद्यकाच्या एमडीएस अभ्यासक्रमात तशी वेगळी शाखा नाही, त्यामुळे मोठी झालेली ही मुले अनेकदा त्याच बालदंतवैद्याकडे येत राहतात.